दत्तू

वाघाच्या कुंपणापुढं उभी राहून माझी नात कन्नड पाटी वाचत होती. ती दुसरीत आहे. कन्नड अक्षरं तिला येतात, पण मालगाडीच्या वेगानं. "द... त्तु," ती म्हणाली आणि मला म्हैसुरात एकदम घरच्यासारखं वाटलं. आमच्या कोल्हापुरात गल्लीगणिक एक दत्तू असतो. माझ्या वर्गातच तिघे होते. त्यातला एक पैलवान झाला, दुसऱ्यानं दुधाचा धंदा काढला आणि तिसऱ्यानं 'आज नेतो, उद्या आणतो' म्हणून नेलेली माझी सायकल अजून यायची आहे. एवढ्या रुबाबदार जनावराला कुणीतरी इतकं साधं नाव ठेवलं याचं मला कौतुक वाटलं. मी हाकही मारली, "काय दत्तबा, बरं हाय नव्हं?" वाघानं एक कान हलवला.

मुलगी मागून आली. "बाबा, ते वाघाचं नाव नाही. कन्नडमध्ये दत्तकाला दत्तु म्हणतात. खाली कंपनीचं नाव आहे बघा. तिनं दत्तक घेतलाय त्याला."

म्हैसूरच्या श्री चामराजेंद्र प्राणिसंग्रहालयात ही सोय आहे. प्राणी कुणालाही दत्तक घेता येतो. माणसाला, शाळेला, कंपनीला. दत्तक घ्यायचा म्हणजे घरी न्यायचा नाही (नातीची पहिली निराशा), त्याच्या वर्षाच्या खर्चाची रक्कम भरायची. 2021 मध्ये कोरोनामुळं फाटक बंद होतं, तिकिटाचा पैसा बंद होता, पण सिंहाची भूक काही बंद नव्हती. तेव्हा या योजनेचा फार गाजावाजा झाला. त्या वेळचे दर लव्हबर्डला हजार रुपये, वाघाला लाख आणि हत्तीला पावणेदोन लाख असे होते. हे दर ऐकताना मला मुलीच्या लग्नाच्या वेळचं केटररचं दरपत्रक आठवलं. तिथंही साध्या ताटापासून सुरुवात होऊन माणूस शेवटी हत्तीवर जातो.

पण मुदत वर्षाची. वर्ष संपलं की कंपनीनं पुन्हा पैसे भरायचे, नाहीतर वाघ पुन्हा पोरका. म्हणजे वाघाला दर वर्षी नवा बाप मिळू शकतो, आणि बापाचं नाव पाटीवर लिहिलेलं असल्यामुळं ते सगळ्या गावाला कळतं. माणसाच्या बाबतीत असं झालं असतं तर भाऊबंदांनी कोर्टात तीन पिढ्या काढल्या असत्या.

दत्तकाच्या बाबतीत म्हैसूरला कुणी काही शिकवायला नको म्हणा. तलकाडच्या अलमेलम्मेनं कावेरीत उडी घेताना शाप दिला, की तलकाडची वाळू होवो आणि म्हैसूरच्या राजांना संतान न होवो, अशी इथली दंतकथा आहे. तलकाडला वाळू आहे, ती जाऊन पाहता येते. राजघराण्यात दत्तकं झाली, तीही खरी. अगदी 2015 मध्ये राजमाता प्रमोदादेवींनी यदुवीर यांना दत्तक घेतलं. आणि ज्यांनी 1892 मध्ये हे प्राणिसंग्रहालय उभं केलं, ते दहावे चामराजेंद्र वडियार स्वतः दत्तक! तिसऱ्या कृष्णराजांनी त्यांना 1865 मध्ये दत्तक घेतलं. इंग्रजांनी त्याआधी 1848 मध्ये साताऱ्याचं आणि 1854 मध्ये झाशीचं दत्तक नामंजूर करून दोन्ही राज्यं गिळली होती. म्हैसूरचा कारभार तर 1831 पासून त्यांच्याच हातात होता, आता फक्त ढेकर द्यायची बाकी होती. पण या वेळी लंडनचं मन बदललं, दत्तक मंजूर झालं आणि 1881 मध्ये चामराजेंद्रांना राज्य परत मिळालं. दत्तक राजाच्या नावाच्या बागेत दत्तक वाघ फिरतो आहे, हे मला फार शोभून दिसलं.

आम्हा कोल्हापूरकरांनाही या विषयात कमी समजू नये. कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव 1884 मध्ये आमच्या गादीला दत्तक आले आणि शाहू महाराज झाले. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे गोपाळराव 1875 मध्ये बडोद्याला दत्तक गेले आणि सयाजीराव झाले. त्या सयाजीरावांच्या नावाचा रस्ता म्हैसुरात देवराज मार्केटला लागून जातो. तिथं उभं राहून गरम म्हैसूरपाक खाताना मी दरवेळी मनात हिशेब करतो, की आपल्याकडचे दोन मोठे राजे, दोघेही दत्तक. रक्तानं मिळालेलं माणूस हक्क म्हणून वापरतो, आणि हात पुढं करून कुणी घेतलेलं असलं की त्याला सारखं वाटत राहतं, आपण ते फेडलं पाहिजे. म्हैसूरपाकाच्या तुपाचा परिणाम असेल, पण मला हे पटतं.

यामुळं एक फायदा झाला. कंपन्यांच्या पाट्यांवर मी आता चिडत नाही. दत्तक म्हटलं की नाव बदलणार, गोत्र बदलणार. गोपाळरावांचे सयाजीराव झाले तर चौकाचं, बसथांब्याचं, बागेचं नाव का बदलू नये? मुलीच्या कॉलनीतल्या बागेत कुण्या कंपनीनं तीन बाकं दिली आहेत. बाकं माझ्या कमरेइतकी आणि त्यांची घोषणा करणारी पाटी माझ्याहून हातभर उंच. पण सकाळी नऊनंतर बाकांवर ऊन येतं आणि पाटीची सावली पडते, ती चांगली लांब-रुंद. बागेतले सगळे म्हातारे जमिनीवर, पाटीच्या सावलीत बसतात. समाजकार्य झालंच की! फक्त ज्या वस्तूनं करायचं ठरलं होतं तिनं नाही झालं.

आमचे जावई एका कंपनीत आहेत आणि तिथल्या सीएसआर, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या, समितीत आहेत. हे तीन अक्षरी प्रकरण मला त्यांनीच समजावलं. सरकारनं 2009 मध्ये कंपन्यांना सांगून पाहिलं, की बाबांनो, स्वेच्छेनं समाजासाठी काहीतरी करा. स्वेच्छेनं अभ्यास कर, असं ज्यांनी घरात पोराला सांगितलं आहे त्यांना पुढची गोष्ट सांगायला नको. मग 2013 चा कंपनी कायदा आला आणि त्याचं कलम 135 एप्रिल 2014 पासून लागू झालं. नक्त मूल्य 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी, यातलं एक जरी अंगाला लागलं, तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले दोन टक्के समाजासाठी खर्च करायचे. सुरुवातीला खर्च नाही केला तर अहवालात कारण लिहिलं की भागायचं. म्हणजे पोटात दुखत होतं, चिठ्ठी आणली आहे. 2021 पासून चिठ्ठी बंद. उरलेले पैसे वेगळ्या खात्यात किंवा सरकारी निधीत टाकायचे, नाहीतर दंड.

"म्हणजे आता सक्तीची स्वेच्छा," मी म्हणालो.

"हो, पण आबा, दोन टक्क्यांच्या पुढं जायला कुणी बंदी केलेली नाही," जावई म्हणाले. जावयांचं मराठी बेळगावचं आहे आणि विनोद समजायला ते जरा वेळ घेतात, पण माणूस नेक.

गेल्या वर्षी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या समितीच्या लक्षात आलं, की थोडे पैसे शिल्लक आहेत आणि दिवस दहाच उरलेत. झाडं लावायचं ठरलं. मार्चअखेरीला म्हैसुरातसुद्धा ऊन असं असतं की आपण सावली शोधावी, रोपाला उन्हात उभं करू नये. पण रोपाला आर्थिक वर्ष कळत नाही आणि लेखापालाला ऋतू कळत नाहीत. मांडव पडला, साहेबांनी चंदेरी झारीनं पाणी घातलं, फोटो झाले. घरी आल्यावर जावई जेवले नाहीत नीट. रविवारी सकाळी बघतो तर गाडीच्या डिकीत पाण्याचे कॅन भरतायत. पुढं पाऊस लागेपर्यंत दर रविवारी हा माणूस तिकडं जाऊन पाणी घालत होता. सगळ्यांना पुरणं शक्यच नव्हतं. रस्त्याजवळची अकरा झाडं त्यांनी धरली, ती जगली. आमची ही म्हणाली, "दोन टक्के कंपनीचे, हे वरचे जावयांचे." त्या अकरा झाडांच्या पेट्रोलचा खर्च कुठल्याच अहवालात नाही. मी सुचवलं होतं, त्यांनी मनावर घेतलं नाही.

दुसऱ्या एका रविवारी ते मला हेब्बाळच्या तळ्यावर घेऊन गेले. हे म्हैसूरचं हेब्बाळ, बंगळूरचं वेगळं. औद्योगिक वसाहतीच्या शेजारचं हे तळं, म्हणजे त्याच्या वाट्याला काय आलं असेल ते सांगायला नको. इन्फोसिस फाउंडेशननं शंभर कोटींच्या वर खर्च करून ते पुन्हा उभं केलं आणि 2021 मध्ये ते लोकांना खुलं झालं. इन्फोसिस म्हटलं की आपल्याकडं लगेच सांगतात, की 1981 मध्ये पुण्यात, सुधाताई मूर्तींच्या दहा हजारांवर. म्हैसूरकर लगेच सांगतात, नारायण मूर्ती शिकले इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात. कर्तबगार पोराला दोन्ही घरं आपलंच म्हणतात, हाही दत्तकाचाच नियम.

तळ्याकाठी चालताना मला एक गोष्ट नव्यानं कळली. वाघ दत्तक घेणं त्या मानानं सोपं; त्याला खायला घातलं की झालं. तळं हे अवघड पोर आहे. गाळ काढला, काठ बांधला, झाडं लावली, हे सगळं फक्त बारसं. सांडपाणी मात्र रोज येतं. ते कुठल्याही उद्घाटनाला थांबत नाही, रविवारची सुट्टी घेत नाही. म्हणून तिथं रोज 80 लाख लिटर पाणी शुद्ध करायची यंत्रणा बसवावी लागली. ती यंत्रणा कुणी फोटोत घेत नाही, कारण तिच्यापुढं उभं राहून चांगलं दिसत नाही. फोटो बगळ्यांचे काढतात. मी मात्र तिच्याकडंच बघत बसलो. मला ती आईसारखी वाटली. पोराचा फोटो निघताना आई कडेला उभी राहून नाक पुसायचा रुमाल धरून असते तशी.

आमच्या बाजूची एक गोष्ट मी जावयांना त्याच काठावर सांगितली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हा रात्रीच्या पहाऱ्याला त्यांनी शिक्षा भोगून आलेली माणसं ठेवली. दरोडेखोराच्या हातात कंदील आणि किल्ल्या! कलम 135 तर सोडाच, कंपनी कायद्याचा 'क' सुद्धा त्यांना असं करायला सांगत नव्हता. जावई थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पुढं 1941 ला त्यांनी हरिहरला कारखाना काढला, म्हणजे आमच्या म्हैसूर संस्थानातच." मी म्हटलं, घ्या. हेही दत्तक घेतलं तुम्ही.

म्हैसुरात अशा गोष्टी बऱ्याच आहेत. आपल्या देव्हाऱ्यात रोज जळणारी सायकल अगरबत्ती इथली. 1948 मध्ये एन. रंगराव यांनी सुरू केलेल्या या घराण्याची दृष्टिहीन मुलींसाठी शाळा आहे, ती आज अगरबत्ती लावणाऱ्या किती जणांना माहीत असेल? आणि मतदानाची शाई! ती इथल्याच कारखान्यात होते. चौथ्या कृष्णराजांनी 1937 मध्ये लाखेचा आणि रंगांचा म्हणून काढलेला हा कारखाना. 1962 पासून भारताची बोटं तोच रंगवतो. इतक्या कोट्यवधी बोटांवर ज्याची खूण उमटते त्याचं नाव कुठंच नाही. बाकाच्या पाटीवाल्यांनी एकदा तिकडं जाऊन यावं.

प्राणिसंग्रहालयातल्या त्या दिवशी नात हट्टाला पेटली होती. वाघ नाही तर नाही, पण काहीतरी दत्तक घ्यायचंच. तिचा गल्ला, माझे थोडे, असं करून एक लव्हबर्ड आमच्या घराण्यात आला. प्रमाणपत्र मिळालं. मग तिचा प्रश्न आला, "यातला आपला कुठला?" जाळीमागं चाळीस-पन्नास पक्षी, सगळे एका तोंडवळ्याचे, एकही जागेवर थांबेना. देखरेख करणारा माणूस हसला आणि म्हणाला, "एल्ला निम्मदे." सगळे तुमचेच. नातीला हे फारच पटलं. हजार रुपयांत पन्नास पोरं झाली तिला.

मी कोल्हापूरला परतलो. अकरा महिन्यांनी फोन आला. "आबा, आपल्या पक्ष्याचं वर्ष संपतंय." मी म्हटलं, आता एखाद्या कंपनीला देऊ की संधी. पलीकडं शांतता. मग बारीक आवाजात, "मग तो कुणाचा?"

मी जावयांना म्हणालो, तुम्ही आता भरा, मी लगेच पाठवतो. त्याला आता दोन महिने झाले. परवा मुलगी फोनवर हसत होती. नातीनं तिच्या मोबाइलमध्ये माझं नाव बदललंय म्हणे. 'आबा' काढून, कन्नड अक्षरांत, मालगाडीच्या वेगानं, 'दत्तू'.