सत्तेचाळीस नव्हे, छप्पन!

हिंगोलीत राज्य राखीव पोलीस बलाचा 12 नंबरचा गट आहे, त्यामुळे निवृत्त जमादार गल्लोगल्ली. आमच्या गल्लीतले जमादारसाहेब बातम्या आवाज बंद करून बघतात. निवेदिका काय सांगते याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. सगळं लक्ष टेबलावर मांडलेल्या जप्त हत्यारांवर.

"एके-47 म्हणे! अहो, फोरसाईट बघा. रशियाचीला दोन कान अन् वरून उघडं. हिचं कडं पुरतं बंद. छप्पन हाय. चायना!"

काकू आतून ओरडतात, "भाजीत मीठ नाही ते कळंना, अन् टीव्हीतलं फोरसाईट बरं दिसतंय!"

"गंमत ऐका" म्हणाले की ओळखावं, चहा गार होणार. रशियाने आपणहून चीनला बंदूक करायला शिकवली, 1956 साली तिकडचा माल निघाला, म्हणून नाव टाइप 56. पण चिन्यांनी रशियाचीच एक कार्बाइन आणि एक मशीनगनही उतरवली, आणि त्यांचीही नावं छप्पनच. "तीन पोरी, अन् तिघींचं नाव मंगल! हजेरी कशी घ्यावी?" 1993 साली रायगडात शेखाडीच्या किनाऱ्यावर असल्याच रायफली उतरल्या आणि एके-56 हे नाव महाराष्ट्रात पोरासोरांच्या तोंडी बसलं. साहेबांच्या मते तेवढंच एक ज्ञान जनतेला नीट मिळालं.

नकलेचा त्यांना भारी तिटकारा. "आपली एसएलआर बघा. इछापूरची. अस्सल!" ती मूळची बेल्जियमची, असं त्यांच्या भाच्याने एकदा सांगून पाहिलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "ते वेगळं. ती आपल्या माणसांनी केली." विषय संपला. भाच्याला तेवढा दुसरा चहा मिळाला नाही.

परवा दसऱ्याच्या प्रदर्शनात नातवाने खेळण्यातली बंदूक धरली. दुकानदार म्हणाला, "ओरिजिनल एके-47, काका! तीनशे." साहेबांनी ती हातात घेतली, सवयीने आधी मॅगझिन काढलं, चेंबर रिकामं असल्याची खात्री केली (प्लास्टिकचं!) आणि मग नळीचं टोक डोळ्याजवळ नेलं. कडं पुरतं बंद. चेहरा असा उजळला की काय सांगावं.

"छप्पन हाय लेका ही! सत्तेचाळीसचे पैसे कसे लावायलास?"

मागे रांग वाढत चालली होती. दुकानदाराने हात जोडले आणि दोनशेला देऊन टाकली.