उचललं नाही तर?

एखाद्या कार्यालयात कोणाचं किती चालतं हे जाणून घ्यायचं असेल, तर दारातली नागरिकांची सनद वाचण्यात वेळ घालवू नये. ती आल्यागेल्यांसाठी असते. खरी सनद असते जिन्याखालच्या खोलीत, जुन्या गठ्ठ्यांशेजारी लुकलुकणाऱ्या त्या पेटीत, जिच्यावर हल्ली सगळ्या कार्यालयाचे फोन इंटरनेटमार्फत चालतात. यंत्रणा बसवायला आलेला मुलगा दर एक्स्टेन्शनमागे तीनच प्रश्न विचारतो. उचललं नाही तर फोन कुठे पाठवू? बिझी असेल तर कुठे? आणि यंत्रच बंद असेल तर? शिवाय किती सेकंद वाजू द्यायचा, तेवढं सांगा. या प्रश्नांची उत्तरं देताना कार्यालय जितकं खरं बोलतं, तितकं लेखापरीक्षकापुढेही बोलत नाही. साहेबांचा फोन वाजण्याआधीच पीएकडे वळतो. पीएने उचलला नाही तर अधीक्षकांकडे, अधीक्षक जागेवर नसले तर वरिष्ठ लिपिकाकडे, आणि तोही बिझी असला तर ‘रिंग ग्रुप’कडे, म्हणजे एकाच वेळी सहा टेबलांवर वाजणाऱ्या आणि म्हणूनच सहांपैकी कोणाचाही नसलेल्या फोनकडे. लिपिकाने उचलला नाही तर फोन साहेबांकडे जावा, अशी नोंद करायला यंत्राची हरकत नसते. एक आकडा तर टाकायचा असतो. तो कोणी टाकत नाही. पाण्यासारखा फोनही उताराकडेच वाहतो.

फोन आपोआप वळवण्याची विद्या मात्र जन्मली ती नेमक्या उलट्या हेतूने. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत ऑल्मन स्ट्रोजर नावाचा एक गृहस्थ अंत्यसंस्कारांचा धंदा करत असे. एक्स्चेंजमधली बाई आपली गिऱ्हाइकं परस्पर दुसऱ्याला जोडून देते, असा त्याला संशय होता. ती त्याच्या प्रतिस्पर्ध्याची बायकोच होती, असंही सांगतात. १८९१ मध्ये त्याने स्वयंचलित एक्स्चेंजचं पेटंट मिळवलं आणि पुढच्याच वर्षी इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावात तसलं एक्स्चेंज सुरूही झालं. मधला माणूस गेला की फोन ज्याला केला त्यालाच लागेल, एवढीच त्याची अपेक्षा. आपण मधला माणूस काढला आणि त्याची लबाडी तेवढी यंत्रात भरून ठेवली. त्या बाईच्या बाजूने एक गोष्ट सांगता येईल: मेलेल्याची सोय शेवटी कोणीतरी करत होतं.

या फोनांची आपसातली भाषा म्हणजे एसआयपी. तिची नियमावली २००२ सालची. तिच्यात नकाराचे इतके प्रकार आहेत, की मंत्रालयात मुरलेल्या माणसानेही हात जोडावेत. ४८६ म्हणजे ‘इथे बिझी’, ६०० म्हणजे ‘सगळीकडेच बिझी’, ४८० म्हणजे ‘तूर्त उपलब्ध नाही’, ३०२ म्हणजे ‘तात्पुरतं दुसरीकडे गेले आहेत’ आणि ६०३ म्हणजे सरळसरळ ‘घ्यायचा नाही’. आपल्याकडे या पाचांचं भाषांतर एकच होतं: साहेब मीटिंगमध्ये आहेत. त्याच नियमावलीत आणखी एक सोय आहे. कॉल फिरतच राहू नये म्हणून त्याच्या कपाळावर एक आकडा लिहिलेला असतो, बहुधा ७०. दर टप्प्याला तो एकाने कमी होतो आणि शून्यावर आला की ‘फार फिरवलं’ असा ४८३ क्रमांकाचा शेरा मारून कॉल परत पाठवला जातो. यंत्रालाही काही लाज असते. कार्यालयातली पेटी मात्र पुष्कळदा आलेला कॉल स्वतःपाशी थांबवून पुढे नवाच कॉल लावते, त्यामुळे मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकते. जुन्याच अर्जाला नवा आवक क्रमांक देण्याची ही कला पेटीला कोणी शिकवली, याची चौकशी व्हायला हवी. फायलींसाठी महाराष्ट्रात निदान २००५ चा दप्तर दिरंगाई कायदा आहे. कोणाच्या टेबलावर फाइल सर्वसाधारणपणे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, असं तो सांगतो. वाजत्या फोनबद्दल त्यात अवाक्षर नाही.

साहेबांनी दिवसभर फोनच घ्यायचे तर काम कधी करायचं, असं कोणी विचारेल. रास्त प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर त्या पेटीतच आहे. अकरा ते एक फोन दुसरीकडे आणि एकनंतर थेट साहेबांकडे, असं वेळापत्रक दर एक्स्टेन्शनला लावता येतं. वळवण्याबद्दल तक्रार नाहीच. ज्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार नाही अशा माणसाकडे वळवण्याबद्दल आहे. दोष बसवणाऱ्या मुलाचा, असंही म्हटलं जातं. पण त्याने दिलेला तक्ता कोणीतरी भरून सही करून परत दिलेला असतो. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्याचं एक्स्टेन्शन अजून वाजत असेल, तर तेही त्या मुलाचं पाप नव्हे.

सगळ्यांत भारी आक्षेप आकडेवारी हातात घेऊन येतो: आमच्याकडे आलेले सगळे फोन उचलले जातात, हे पाहा. इथे जरा थांबावं. मार्क स्पेन्सरने १९९९ मध्ये ॲस्टेरिस्क नावाची फोनप्रणाली लिहायला घेतली. फुकट मिळणारी, म्हणून जगभर अशा पेट्यांत पसरलेली. प्रत्येक कॉलची ती एका ओळीत नोंद ठेवते: कुठून आला, कुठे गेला, किती सेकंद चालला, उत्तर मिळालं की नाही. पण ‘मराठीसाठी एक दाबा’ म्हणणाऱ्या ध्वनिमुद्रित बाईने उचलला, तरी प्रणालीच्या लेखी उत्तर मिळालेलंच असतं. त्यानंतर माणूस नऊ मिनिटं सतार ऐकत बसला, तर ती नऊ मिनिटंही संभाषणात जमा. यंत्र खोटं बोलत नाही. फोन कोणी उचलला, हे त्याला कोणी विचारलेलं नसतं. शंभर टक्क्यांचा अहवाल असा तयार होतो आणि त्यावर सही करणाऱ्याला तो खरा वाटतो, कारण त्याच्या टेबलावरचा फोन तर कधी वाजलेलाच नसतो.

तेव्हा वाचकहो, तुमच्या गावातल्या सरकारी कार्यालयात अशी पेटी बसली असेल, तर माहितीच्या अधिकारात तिच्यातला तो तक्ता मागा. कोणाचे नंबर नकोत, कोणाची संभाषणं नकोत. कुठलं एक्स्टेन्शन उचललं नाही तर फोन कुठे जातो, एवढंच. अर्जाची फी १० रुपये आहे. अर्ज टपालाने पाठवावा. त्याचं पुढे काय झालं, ही चौकशी फोनवर करू नये.