वशिल्याची पावती

पुण्यातला गोल्फर परदेशातलं मैदान निवडतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर मैदान नसतं, बार असतो. तिथला नव्हे, इथला. परत आल्यावर क्लबात बसून सहज बोलता बोलता कुठलं नाव टाकलं की समोरच्याचा ग्लास ओठांपर्यंत न जाता मधेच थांबेल, याचा हिशेब आधी होतो. तिकिटं, व्हिसा, बायकोची परवानगी हे सगळं नंतर.

आमच्या ओळखीची एक चौकडी सध्या स्कॉटलंडला निघाली आहे. म्हणजे गेलं वर्षभर निघालीच आहे. एक हृदयरोगतज्ज्ञ, एक बिल्डर, एक आयटीतून वेळेआधी निवृत्त झालेले गृहस्थ आणि एक कर्नलसाहेब. व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप आहे. त्यावर आजवर टोप्यांचा रंग, टी-शर्टवरचा लोगो आणि कोण कोणाबरोबर खोलीत झोपणार (घोरण्याच्या निकषावर) एवढं ठरलं आहे. मैदानांची यादी मात्र पहिल्याच संध्याकाळी, दुसऱ्या पेगला तयार झाली: सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स, कार्नूस्टी, म्यूरफील्ड, टर्नबेरी आणि रॉयल डॉर्नॉक. सहा दिवसांत.

नकाशा कोणी उघडलाच नव्हता. टर्नबेरी नैऋत्य किनाऱ्यावर आणि डॉर्नॉक पार उत्तरेला, इन्व्हरनेस ओलांडून पुढे. मधे जवळजवळ अख्खं स्कॉटलंड. गाडीने साडेपाच-सहा तास, तेही मेंढ्यांनी रस्ता अडवला नाही तर. पण अष्टविनायक दीड दिवसात ‘करून’ आलेल्या माणसांना हे सांगणार कोण? सकाळी थेऊर, दुपारी रांजणगाव आणि रात्री लेण्याद्रीच्या पायऱ्या मोबाइलच्या उजेडात चढलेल्या पायांना सकाळी डॉर्नॉक आणि संध्याकाळी टर्नबेरी यात अवघड काही वाटत नाही. त्यात जूनमध्ये तिथे रात्री दहापर्यंत उजेड असतो हे कळल्यावर आयटीवाल्यांनी एक्सेलमध्ये दिवसाला दोन मैदानं भरून टाकली. स्कॉटलंडात चालत खेळतात, बहुतेक जुन्या मैदानांवर बग्गी हवी तर डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं, ही माहिती नंतर आली. डॉक्टर ग्रुपमध्येच असल्यामुळे तिचा परिणाम झाला नाही.

टर्नबेरीचा आग्रह बिल्डरांचा. ते मैदान 2014 पासून डोनाल्ड ट्रम्प यांच्या मालकीचं आहे. बिल्डरांचं म्हणणं, तिथला मालकही आपल्याच लाइनीतला, त्यामुळे आपुलकी वाटते. आर अँड ए या खेळाच्या नियामक संस्थेने 2021 मध्ये सांगून टाकलं की आपली कुठलीही स्पर्धा सध्या तिथे होणार नाही. यावर बिल्डर म्हणाले, “एनओसी अडकली असेल. होतं असं.”

खरी मजा ओल्ड कोर्सची. तिथे टी टाइम, म्हणजे खेळायची वेळ, हवी असेल तर मोजक्या वेळा वर्षभर आधी अर्ज करून ठरवता येतात. बाकीच्यांची रोज सोडत निघते. खेळायच्या दोन दिवस आधी, दुपारी दोनच्या आत, निदान दोघांची आणि जास्तीत जास्त चौघांची नावं द्यायची. मग संगणक ठरवणार. नाव निघालं तर खेळा, नाही तर पुन्हा द्या. एकटा माणूस असेल तर त्याची वेगळी सोडत. पूर्वी हे एकटे लोक रात्रभर थंडीत रांगेत बसायचे, 2024 पासून तिथेही संगणक आला.

ही पद्धत वाचून बिल्डरांनी तो अस्सल मराठी प्रश्न विचारला: “तिथे आपलं कोण आहे?”

कोणी नाही हो. तिथे संगणक आहे. त्याला तुमचे आमदार ओळखत नाहीत. पुण्या-मुंबईत क्लबाच्या सभासदत्वासाठी वर्षानुवर्षं वाट पाहिलेला, त्यासाठी कोणाकोणाच्या मुलाच्या मुंजीला हजेरी लावलेला, कमिटीतल्या माणसाच्या कुत्र्याचीसुद्धा चौकशी केलेला हा माणूस. त्याला म्हणायचं, गोल्फच्या पंढरीत तुमचं नाव एका जर्मन दंतवैद्याच्या आणि एका जपानी पेन्शनरच्या नावाबरोबर एकाच डब्यात पडणार. अपमानच की!

त्याहून मोठा अपमान पुढे आहे. हे मैदान कुठल्याही क्लबाचं नाही. जमीन सार्वजनिक. 1552 सालच्या सनदेने या वाळूच्या किनारपट्टीवर खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क मान्य केला (आर्चबिशपने तिथे ससे पाळायचे, असाही त्यात सौदा होता). 1974 मध्ये ब्रिटिश संसदेच्या कायद्याने त्यासाठी विश्वस्त मंडळ नेमलं गेलं. पहिल्या टीच्या मागे ती भारदस्त दगडी इमारत दिसते ना, ती रॉयल अँड एन्शंट क्लबाची. क्लब इमारतीचा मालक, समोरच्या हिरवळीचा नाही. आपल्याकडे बरोबर उलटं असतं. जमीन सरकारची, भाडं नाममात्र, आणि फाटकावरचा वॉचमन सरकारलाच विचारतो, “कोणाकडे जायचंय?”

आणि रविवारी? रविवारी ओल्ड कोर्स बंद. मोठी स्पर्धा नसेल तर त्या दिवशी ते गावाचं उद्यान असतं. लोक मुलं घेऊन येतात, कुत्री मोकळी सोडतात, आज्या फेअरवेवरून रमतगमत समुद्राकडे जातात. डॉक्टरांच्या सौभाग्यवतींना हे कळलं तेव्हा त्यांनी शांतपणे रविवारची नोंद केली. हँडिकॅप नको, सोडत नको, फी नको. अठराव्या होलवरच्या त्या छोट्या दगडी स्विल्कन पुलावर त्या रविवारी सकाळी उभ्या राहणार, फोटो काढणार आणि नवऱ्याच्या सोडतीचा निकाल लागायच्या आत तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकणार. ज्या फोटोसाठी चार पुरुष 2025 च्या हंगामातल्या दराने प्रत्येकी 340 पौंड, म्हणजे चाळीस हजार रुपयांच्या आसपास मोजायला तयार आहेत, तोच फोटो. (याच पुलाभोवती फोटोवाल्यांच्या पायांखाली गवत टिकत नाही म्हणून 2023 मध्ये व्यवस्थापनाने फरसबंदी केली होती. जगभरातून एवढी बोंब झाली की काही दिवसांत ती उखडावी लागली. पेव्हर ब्लॉक बसवले की लोकांच्या ओरड्याने ते उखडावे लागतात, असंही एक गाव आहे. आपल्या नगरसेवकांचा अभ्यासदौरा तिकडे काढायला हवा.)

तर वशिला चालत नाही, असं वाटून चौकडी खचली होती. पण माणसाने धीर सोडू नये. वशिला तिथेही आहे, फक्त त्याची पावती मिळते. काही अधिकृत कंपन्यांकडे ओल्ड कोर्सच्या हमखास वेळा असतात. त्या सुट्या विकत नाहीत. अमुक रात्री अमुक हॉटेलात राहा, आणखी तमुक मैदानांवर खेळा, मग त्या गाठोड्यात ओल्ड कोर्सही बांधून मिळतो. किंमत ऐकून हृदयरोगतज्ज्ञांनी स्वतःची नाडी पाहिली. बिल्डरांचा चेहरा मात्र उजळला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना स्कॉटलंड समजलं. परदेशी सहलीचं पॅकेज म्हटल्यावर त्यावर टीसीएसही, म्हणजे विक्रीच्या वेळीच वसूल होणारा कर, घेतला जाणार. वशिल्यावर कर भरल्याचा दाखला, आणि तोही विवरणपत्रात दाखवता येईल असा! आयुष्यभर हे काम टेबलाखालून करणाऱ्याला भरून येणारच.

कर्नलसाहेबांना पैशापेक्षा तत्त्वाचा राग. त्यांनी आयुष्यभर छावण्यांमधल्या मैदानांवर गोल्फ खेळला, रांग म्हणून कधी पाहिली नाही. आपल्या लष्कराने या मैदानांना मधे ‘एन्व्हायर्नमेंटल पार्क अँड ट्रेनिंग एरिया’ असं नाव दिलं होतं. म्हणजे पटिंग हेही प्रशिक्षणच. स्कॉटलंडच्या राजाला हे सुचलं नाही. दुसऱ्या जेम्सच्या संसदेने 1457 मध्ये गोल्फवर बंदी घातली, कारण लोक धनुर्विद्येचा सराव सोडून चेंडू टोलवत होते आणि इंग्लंड शेजारीच होतं. त्या वेळी दरबारात आपला एखादा ब्रिगेडियर असता तर खेळ वाचला असता आणि बंकरना खंदक म्हणून मंजुरीही मिळाली असती.

म्यूरफील्डचं प्रकरण निराळं. क्लब 1744 चा, अतिशय खानदानी. पाहुण्यांना मंगळवारी आणि गुरुवारीच प्रवेश. या क्लबाने 2016 मध्ये बायकांना सभासद करून घ्यावं का यावर मतदान घेतलं. दोन तृतीयांश मतं हवी होती, ती पडली नाहीत. आर अँड एने त्याच दिवशी जाहीर केलं की ‘ओपन’ ही त्यांची मोठी स्पर्धा तिथे होणार नाही. पुढच्या वर्षी पुन्हा मतदान, आणि आता 80 टक्के लोकांना एकदम स्त्री-पुरुष समानता पटली. हृदयपरिवर्तन व्हायला एवढंच लागतं: स्पर्धा हातची जाणं. तरी पुरुषांची ओपन 2013 नंतर अजून तिकडे फिरकलेली नाही.

हे ऐकून आपली चौकडी फार हळहळली. “काय मागासलेले लोक!” असं कर्नलसाहेब म्हणाले. ते ज्या क्लबात बसून म्हणाले तिथे कुर्ता घातलेल्या माणसाला बारमध्ये सोडत नाहीत. आणि 2017 मध्ये दिल्ली गोल्फ क्लबात मेघालयाचा पारंपरिक पोशाख घातलेल्या एका बाईंना जेवणाच्या दालनातून उठवलं होतं, कारण तो पोशाख कोणाला तरी ‘मोलकरणीचा’ वाटला. तिथे मतदान घ्यायचीही गरज पडली नाही.

सोडतीत नाव नाही लागलं तर काय खेळायचं, याचा विचार चौकडीने केलेला नाही. वास्तविक सेंट अँड्र्यूजमध्ये सार्वजनिक मैदानं सात आहेत. ओल्डच्या शेजारचा ‘न्यू कोर्स’ 1895 चा आहे, म्हणजे आपल्या बहुतेक क्लबांच्या आजोबांच्या वयाचा. ज्युबिली 1897, ईडन 1914. वारा तोच, वाळू तीच, समुद्र तोच, फी निम्म्याहून कमी. इथे खेळलं तर खरं म्हणजे गोल्फ जास्त होतो, कारण पुढे-मागे फोटो काढणारे कमी. पण बारमध्ये “मी ज्युबिली खेळलो” म्हटलं तर समोरचा विचारणार, “हिल्सला?” आयटीवाल्यांनी ही नावं एक्सेलच्या दुसऱ्या शीटवर टाकली आहेत. ती शीट कोणी उघडत नाही.

त्या मानाने कार्नूस्टीबद्दल मतैक्य आहे. सगळ्यांना तो ओढा पाहायचाय. 1999 च्या ओपनमध्ये ज्यां व्हान द वेल्डे हा फ्रेंच खेळाडू शेवटच्या होलवर तीन फटक्यांनी पुढे होता. सहा फटक्यांत आटोपलं असतं तरी जिंकला असता. त्याने चेंडू ओढ्यात घातला, बूट काढून, विजार दुमडून पाण्यात उतरला, शेवटी सात फटके घेतले आणि प्लेऑफमध्ये हरला. आपले डॉक्टर म्हणतात, “तिथून मी सरळ सात नंबरच्या आयर्नने लेअप करीन.” डॉक्टर येरवड्याच्या मैदानावर डबक्याच्या अलीकडे थांबलेले आजवर कोणी पाहिलेले नाहीत.

यावरून हँडिकॅप, म्हणजे खेळ किती कच्चा आहे त्याचा आकडा. ओल्ड कोर्सवर त्याचा पुरावा मागतात. ग्रुपवर ही बातमी आल्यावर दोन दिवस शुकशुकाट होता. बारमध्ये डॉक्टर चौदाचे, बिल्डर सोळाचे. दाखले आले तेव्हा डॉक्टर तेवीस आणि बिल्डर एकतीस निघाले. “हे कार्पेट आणि सुपर बिल्ट-अपमधलं अंतर आहे,” असा खुलासा बिल्डरांनी केला आणि तो सर्वांनी मान्य केला.

मी सुचवलेलं एक नाव होतं. एडिंबराजवळचं मसलबरा. नऊच होल, घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाच्या पोटात वसलेले. तिथे गोल्फ खेळल्याची नोंद 1672 ची आहे. 1874 ते 1889 मध्ये ओपन तिथे सहा वेळा झाली. होलचा सव्वाचार इंचांचा व्यास आज जगभर पाळतात, तो इथल्याच 1829 च्या होल पाडायच्या अवजारावरून आला असं मानतात. फी किरकोळ. वशिला, सोडत, पॅकेज काही नाही. जुन्या लाकडी काठ्या भाड्याने मिळतात, त्या घेऊन फिरायचं. इतक्या जुन्या जमिनीवर इतक्या कमी पैशांत पाय ठेवायला मिळतो अशी दुसरी जागा मला तरी माहीत नाही. रायगडाचा रोपवेसुद्धा आता खिशाला जाणवतो.

नाव वाचून पहिल्यांदा कर्नलसाहेबांनी एका चांगल्या फिजिओथेरपिस्टचा नंबर पाठवला. मग मी सगळी माहिती टाकली. निळ्या टिका उमटल्या. रात्री मतदान झालं आणि मसलबरा यादीतून गेलं. कारण विचारायला बिल्डरांना फोन केला.

“अहो, एवढं जुनं, एवढं मोक्याचं, आणि एवढं स्वस्त?” ते म्हणाले. “टायटल क्लिअर आहे का बघा आधी.”