तक्रार वहीचं पंचांग

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीत ऋतू बदलला की सगळ्यात आधी तक्रार वहीला कळतं. सेक्रेटरीपद गळ्यात पडल्यापासून ही वही माझ्याकडे असते आणि अधूनमधून मी ती चवीने वाचतो. दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ १९५६ साली आलं. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत एकेका महिन्याचा मागोवा त्यात आहे. आमचे सभासदही तेच लिहितात, फक्त शेवटी ‘त्वरित कार्यवाही व्हावी’ असं जोडून सही ठोकतात.

थंडी सरत आली की देशी बदामाची पानं लालभडक होतात आणि भराभर खाली येतात. वहीत नोंद पडते, ‘ए विंगसमोर कचरा.’ लाल रंगाबद्दल चकार शब्द नाही.

मग ऊन तापू लागतं. एका मार्चमध्ये बी विंगमधल्या काकांनी लिहिलं की दुपारी दोन ते चार ठोकाठोकीला बंदी असताना कोणाच्या तरी फ्लॅटमध्ये रोज काम चालतं. मी मजल्यामजल्यावर जाऊन दारांना कान लावले. सगळीकडे सामसूम. काम चालू होतं कुंपणालगतच्या उंबरात. चिमणीपेक्षा जरासा मोठा, हिरवा, कपाळाला लाल टिळा लावलेला तांबट तिथे बसून टुक, टुक, टुक करत होता. एका लयीत, एका पट्टीत. बाकी जग उन्हाने मलूल होतं तेव्हा याला हुरूप येतो. काकांना खाली बोलावून तो दाखवला. चष्मा वर करून त्यांनी बराच वेळ निरखला आणि म्हणाले, “असेल. पण नियम सगळ्यांना सारखा हवा.”

एप्रिल-मेच्या पानांवर कोकिळेची हजेरी. ‘पहाटे चार वाजल्यापासून ओरडणाऱ्या कोकिळेचा बंदोबस्त करावा.’ आरोप बाईवर, गुन्हा बुवाचा. गातो तो काळा कुळकुळीत नर. मादी ठिपक्याठिपक्यांची, ती अंडी घालायला कावळ्याचं घरटं शोधत असते. त्याच सुमारास दुसऱ्या कोणाची तरी तक्रार असते, ‘पार्किंगमधून जाताना कावळा डोक्यात चोच मारतो.’ या दोन तक्रारी खरं तर एकाच कुटुंबाच्या आहेत, हे दोन्ही अर्जदारांच्या गावी नसतं. कावळा घरट्याची इतकी डोळ्यांत तेल घालून राखण करतो, आणि आत पोलीस पडताळणीशिवायचा भाडेकरू वाढत असतो.

पहिला दमदार पाऊस झाला की त्या संध्याकाळी जिन्यातल्या दिव्यांवर पंख फुटलेली वाळवी तुटून पडते. सकाळी पायऱ्यांवर पंखांचा खच आणि वहीत पेस्ट कंट्रोलची मागणी. पालींची मात्र रात्रभर पंगत झालेली असते. पुढे पावसाळ्यात शेवग्याच्या बुंध्यावर केसाळ सुरवंट दाटीवाटीने बसतात, आणि कोणाच्या अंगाला किती खाज सुटली याचं सविस्तर वर्णन वाचायला मिळतं. तेवढं मी गाळून वाचतो.

ऑक्टोबरमध्ये सातविणीला बहर येतो आणि सी विंगची डोकी दुखू लागतात. संध्याकाळी तो उग्र गोड वास खिडक्यांतून आत शिरला की ‘झाड तोडावे’ असा अर्ज ठरलेला. माझं उत्तरही ठरलेलं. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवाचून झाड तोडता येत नाही, विषय पुढच्या सभेपुढे ठेवू. सभा भरेपर्यंत बहर ओसरतो आणि डोकी आपोआप उतरतात. या झाडाच्या लाकडाच्या पूर्वी शाळेतल्या पाट्या करत. त्याच्या शास्त्रीय नावातलं ‘स्कोलॅरिस’ त्यावरूनच आलं. शाळेचा आणि डोकेदुखीचा संबंध जुनाच दिसतो.

कबुतरं बाराही महिने विणीवर असतात आणि प्रत्येक पानावर असतात, त्यामुळे कालगणनेला त्यांचा काडीचा उपयोग नाही.

या पंचांगात एक मोठी गळती आहे. गेटजवळचा बहावा मे महिन्यात पिवळ्या घोसांनी असा लगडतो की रिक्षावाले वळणावर वेग कमी करून बघतात. वहीत त्याचं नाव एकदाच सापडलं, ‘बाहेरची मुलंमुली झाडाखाली फोटो काढायला आत येतात, वॉचमनने लक्ष द्यावे.’ वॉचमननेच त्यांचे फोटो काढून दिले होते, असं नंतर कळलं.

यंदा वही बंद झाली, तक्रारी ॲपवर आल्या. तिथे प्लंबिंग, लिफ्ट, पार्किंग आणि ‘इतर’ एवढेच रकाने आहेत. त्यामुळे एप्रिलमध्ये एका काकूंनी कोकिळ ‘इतर’मध्ये टाकला. ॲप मला आठवणी पाठवत राहिलं, मी ‘काम प्रगतीपथावर’ असं कळवत राहिलो. ऑगस्टात कोकिळाने आपणहून गाणं आवरतं घेतलं, तसं मी ‘निवारण झाले’वर बोट ठेवलं. काकूंचा लगेच अभिप्राय आला, “उशिरा का होईना, कमिटीने लक्ष घातलं.” पाचपैकी चार तारे. एक उशिराबद्दल कापला.