समस्त ब्राउझर भाडेकरूंस खुले पत्र

प्रति,
घरच्या संगणकात राहणारे व राहू इच्छिणारे समस्त ब्राउझर

विषय : भाडेकरूंची नावे, घराणी, पोटापाण्याचे साधन व जागेचा वापर यांच्या तपासणीबाबत

ब्राउझर कोणत्याही संकेतस्थळाच्या दारात उभा राहिला की आधी आपली ओळख सांगतो. त्या ओळीला यूझर एजंट म्हणतात. विंडोजवरच्या क्रोमची ओळ साधारण अशी : मोझिला ५.०, विंडोज एनटी १०.०, ॲपलवेबकिट, केएचटीएमएल, गेकोसारखा, क्रोम, सफारी. नाव विचारले तर अर्ध्या चाळीची नावे सांगणारा हा भाडेकरू. स्वतःचे नाव शेवटून दुसरे. कारण जुने आहे. मोझिला हे नेटस्केपचे घरगुती नाव. १९९५च्या सुमारास काही संकेतस्थळे सजवलेली पाने फक्त मोझिला म्हणवणाऱ्यालाच वाढत, तेव्हा इंटरनेट एक्सप्लोररने तेच नाव लावून पंगतीत पाट मिळवला. पुढे केडीई या मुक्त प्रकल्पातले केएचटीएमएल हे इंजिन आले, तेही मोझिलाच्या गेको इंजिनाचे नाव लावून ‘गेकोसारखा’ म्हणवून घेऊ लागले. ॲपलने २००३मध्ये त्याच्या पायावर सफारी उभा केला. सप्टेंबर २००८मध्ये आलेल्या क्रोमने सुरुवातीला सफारीचे इंजिन घेतले आणि आधीच्या सगळ्यांची नावे आपल्या पाटीवर रंगवली. बनावट रेशनकार्डाची एवढी लांब वंशावळ शिधावाटप कार्यालयातही सापडणे कठीण.

त्यामुळे निवड करताना पाटीवर जाण्यात अर्थ नाही. पाहायचे ते इंजिन, म्हणजे पानाची संहिता वाचून ते पडद्यावर मांडणारा भाग. मोठी इंजिने आज तीनच : गुगलचे ब्लिंक, फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिला संस्थेचे गेको आणि ॲपलचे वेबकिट. विंडोजसाठी सफारी २०१२नंतर निघालाच नाही, म्हणजे बहुतेक घरांत दोनच उरली. ऑपेराने २०१३मध्ये आपले इंजिन मोडीत काढून ब्लिंक घेतले. एजने जानेवारी २०२०मध्ये तेच केले. ब्रेव्ह आणि विवाल्डी पहिल्यापासून त्याच घराण्यातले. पाच भाऊ पाच रंगांचे सदरे घालून पाच खोल्या मागतात आणि त्याला बाजारात स्पर्धा म्हणतात.

सगळे एकाच घराण्याच्या हाती गेले की काय होते, हे मराठी वाचकाने पाहिलेले आहे. इंटरनेट एक्सप्लोररची सहावी आवृत्ती २००१मध्ये आली आणि सातवीला २००६ उजाडले. प्रतिस्पर्धी उरला नव्हता, तेव्हा घाई कोणाला? त्या काळात युनिकोड रुळायचे होते. अनेक मराठी संकेतस्थळे आपापला फाँट वापरत आणि पाने एक्सप्लोररपुरतीच तयार करत. दुसऱ्या ब्राउझरमध्ये बातमीच्या जागी रोमन अक्षरे, स्वल्पविराम आणि टोपीवाल्या खुणांचा चिवडा दिसे. फायरफॉक्सवाले ‘पद्मा’ नावाची जोडणी बसवून त्याचे युनिकोड करून घेत. आज ‘हे संकेतस्थळ क्रोममध्येच उघडावे’ अशी सूचना दिसते, तेव्हा तीच पाटी नव्या रंगात लागलेली असते.

आता पोटापाण्याचे. यांतला कोणीही भाडे देत नाही आणि घरमालकाकडून पैसेही मागत नाही, त्यामुळे संशयाला जागा आहे. क्रोमचा मालक गुगल जाहिरातींवर जगतो. शोधयंत्र म्हणून आधीपासून लावलेले राहण्यासाठी गुगलने २०२१मध्ये इतर कंपन्यांना २६.३ अब्ज डॉलर दिले, असे अमेरिकेतल्या खटल्यात उघड झाले. ऑगस्ट २०२४मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी शोधसेवेतली ही मक्तेदारी बेकायदा ठरवली. गंमत अशी की गुगलला टक्कर देणाऱ्या मोझिलाचे बहुतांश उत्पन्नही गुगलकडूनच येते. विरोधी पक्षाचे मानधन सत्ताधाऱ्यांच्या तिजोरीतून.

त्यातही फरक आहेच. एका संकेतस्थळावरून दुसऱ्यावर पाठलाग करणाऱ्या त्रयस्थ कुकी सफारीने मार्च २०२०मध्ये पूर्ण बंद केल्या. फायरफॉक्स प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकी वेगळ्या बरणीत ठेवतो. क्रोमने २०२०मध्ये त्या हद्दपार करण्याची घोषणा केली, तारखांवर तारखा दिल्या आणि २०२४मध्ये बेत सोडला. जाहिराती अडवणारी यूब्लॉक ओरिजिन ही जोडणी नव्या नियमांमुळे क्रोममध्ये बंद पडली, फायरफॉक्समध्ये चालते. इन्कॉग्निटो खिडकीबद्दल मात्र सगळ्या भाडेकरूंच्या घरमालकांचा गैरसमज सारखाच. ती फक्त त्याच संगणकावरचा माग पुसते. इंटरनेट पुरवठादाराला कळायचे ते कळतेच.

वेगाची भांडणे सोडून द्यावीत. एकाच घराण्यातले भाऊ साधारण सारखेच धावतात. जागेचा प्रश्न खरा आहे. स्पेक्टर हा प्रोसेसरमधला दोष उघड झाल्यावर क्रोमने २०१८मध्ये प्रत्येक संकेतस्थळ वेगळ्या प्रक्रियेत कोंडले आणि मेमरीचा खप १० ते १३ टक्के वाढला. सुरक्षा वाढली, पण ४ जीबीच्या संगणकावर वीस टॅब उघडले की माउस चिखलात रुतल्यासारखा चालतो. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबले की कोणता टॅब किती खातो याची यादी येते. बहुतेकदा दोषी ब्राउझर नसतोच. सकाळपासून उघडे ठेवलेले, जाहिरातींनी गच्च भरलेले एखादे बातम्यांचे पान असते.

जुन्या घराला वेगळा नियम. विंडोज ७ आणि ८.१वर क्रोम २०२३मध्ये १०९व्या आवृत्तीवर थांबला. फायरफॉक्सने ११५ क्रमांकाच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला त्यानंतरही सुरक्षा दुरुस्त्या पुरवल्या. अशा संगणकावर निवड करायची वेळ येतच नाही.

बाकी घरांत दोन भाडेकरू ठेवणे सोयीचे : रोजच्या वाचनाला फायरफॉक्स, आणि बँक किंवा सरकारी अर्ज अडून बसला तर ब्लिंक घराण्यातला एक. तो बहुधा आधीच घरात असतो. सामान हलवायला, म्हणजे बुकमार्क आयात करायला, पाच मिनिटे पुरतात. पासवर्डची निर्यात केलेली फाइल मात्र साध्या मजकुराची असते, कोणालाही वाचता येणारी. ती काम होताच पुसून टाकावी आणि रिसायकल बिनही रिकामी करावी. घरच्या किराणा यादीशेजारी ती महिनोन्‌महिने पडलेली सापडते.

कळावे.

ता. क. : एज हा पागडीचा भाडेकरू आहे. युरोपातल्या नव्या कायद्यामुळे तिथे त्याला काढता येते. इथे सरळ मार्गाने निघत नाही. २०२१मध्ये विंडोज ११ आले, तेव्हा डीफॉल्ट ब्राउझर बदलण्यासाठी एचटीएम, एचटीएमएल, एचटीटीपी असा एकेक प्रकार वेगळा बदलावा लागे. ओरड झाल्यावर २०२२मध्ये एक बटण मिळाले. ते दाबल्यावरही टास्कबारवरच्या शोधातून वेबवरचा निकाल उघडला की दार एजच उघडतो.