दहा टक्क्यांपर्यंत सज्जन

आजकालच्या पोट्ट्यांना नीतिमत्ताच नाही, असं म्हणणाऱ्यानं त्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप पाहिलेला नाही. मित्राची असाइनमेंट उतरवावी, पण त्याच्या शुद्धलेखनाच्या चुकांसकट नाही. उतरवली की त्याला तर्रीपोहे खाऊ घालावेत. सरांनी खोदून विचारलं तरी नाव सांगू नये. नागपुरात हेल्मेटचा नियमही इतका काटेकोर पाळला जात नाही. या सगळ्यात मूळ लेखकासाठी तेवढं कलम नाही. तो ग्रुपमध्ये नसतो ना!

परवा पर्यावरणाचे प्रकल्प तपासत होतो. फुटाळा तलावावरच्या एका फायलीत ‘निष्कर्ष’ या मथळ्याखाली लिहिलं होतं : ‘मी एक एआय मॉडेल असल्यामुळे तलावाला प्रत्यक्ष भेट देऊ शकत नाही.’

“काऊन रे, फुटाळ्यावर गेलाच नाहीस?”

“रोज संध्याकाळी तिथंच तर राहतो ना सर! पण प्रोजेक्टसाठी नाही जात.”

“मग हे वाक्य?”

“खरं आहे ना सर ते. काढलं असतं तर चीटिंग झाली असती.”

अख्ख्या फायलीत तेवढं एकच वाक्य प्रामाणिक होतं. गुण त्यालाच दिले.

विद्यापीठ अनुदान आयोगानं 2018 साली वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले. साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. प्रबंधात 60 टक्क्यांवर गेलं तर नोंदणी रद्द. सर्वपरिचित मजकूर सलग 14 शब्दांपर्यंत जुळला तर तो धरायचा नाही. हे कळल्यापासून काही शोधार्थी दर तेरा शब्दांनंतर ‘तथापि’ पेरतात. इतके ‘तथापि’ मी सरकारी परिपत्रकातही पाहिले नव्हते.

खरी गंमत पुढेच आहे. असाइनमेंट, प्रकल्प अहवाल, निबंध आणि उत्तरपत्रिका या नियमांतून चक्क वगळल्या आहेत. पकड सुरू होते ती पदव्युत्तर आणि संशोधनाच्या लेखनापासून. म्हणजे सवय लागेपर्यंत मोकळीक आणि सवय पक्की झाली की शिक्षा! (आमच्या पिवळ्या पडलेल्या नोट्स कुणी यंत्रात घालून तपासत नाही, ही देवाची कृपा.)

यंदा मी प्रकल्प स्वहस्ताक्षरात मागवलेत. पैसे घेऊन रेकॉर्डबुक लिहून देणाऱ्यांनी पानामागचा भाव वाढवलाय म्हणतात.