मुहूर्त फॉलचा

डोंबिवलीत पूर्वी तीन ऋतू असत: पाणीकपात, पाऊस आणि गणपती. आता दोनच उरलेत, फॉल आणि स्प्रिंग. मुलगा नववीत आहे, मिशीची रेघ अजून फुटायची आहे, पण आई भाजीवालीपाशी मेथीची जुडी उलटसुलट करताना सहज सांगून जाते, "आमचा फॉल चौतीसचा हो." शेजारची बाई मनात हिशेब करते. आपली स्प्रिंग पस्तीस. म्हणजे एक सेमिस्टर मागे पडलो. त्या रात्री तिच्या घरी कन्येला समोर बसवून सांगितलं जातं, की बाळा, तुला नक्की कशाची आवड आहे ते महिनाअखेरपर्यंत ठरवून टाक.

परदेशी शिकायला जायचं तर तयारी आधीपासून लागते, हे खोटं नाही. जीआरईचे गुण पाच वर्षं चालतात, आयईएलटीएसचे दोनच. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांचे फॉलचे अर्ज आदल्या डिसेंबरच्या आसपास जातात, म्हणजे शिफारसपत्रं दिवाळीच्या फराळाआधी हातात हवीत. आमच्या भागाने हे मान्य केलं आणि लगेच त्याचं सोवळं करून टाकलं.

ठाण्यात या सोवळ्याला प्रोफाइल बिल्डिंग म्हणतात. बिल्डिंग हा ठाण्याचा जुनाच धंदा असल्याने घोडबंदर रोडला ते चटकन जमलं. प्रोफाइलमध्ये समाजसेवा हवी, म्हणून मुलं रविवारी सकाळी तलाव साफ करायला निघतात. उपवनला एका बाजूने एका क्लासची मुलं कचरा वेचत येतात, दुसऱ्या बाजूने दुसऱ्या क्लासची. मध्यावर गाठ पडते तेव्हा कचरा संपलेला असतो आणि निम्म्यांचे फोटो राहिलेले असतात. मग कुणीतरी समंजस पालक पिशवीतला थोडा परत टाकतो.

यानंतर येतं स्टेटमेंट ऑफ पर्पज. आपल्या पट्ट्यातून जी जी मुलं इंजिनिअरिंगच्या एमएसला गेली, त्या सगळ्यांनी लहानपणी घरातला रेडिओ खोलला होता आणि आत काय आहे ते पाहून ती थक्क झाली होती. इतके रेडिओ आपल्याकडे होते कधी, हा संशोधनाचा विषय आहे. कुणाला पेपर कमी पडत असेल तर घ्यावा. शिफारसपत्राचं त्याहून सोपं. सर म्हणतात, "तूच लिहून आण, मी बघतो." चार वर्षांत सरांना ज्याचं नाव पाठ झालं नाही, तो स्वतःला वर्गातल्या पहिल्या पाच टक्क्यांत बसवतो. नम्र असला तर दहा.

खरी कसोटी पैशाच्या फायलीची. बापाच्या खात्यात किती आहेत आणि बापाच्या मनात किती आहेत, हे दोन्ही एका कागदावर आणण्याचं काम सीए करतो. ज्या फ्लॅटच्या ओल आलेल्या भिंतीवरून सोसायटीच्या वार्षिक सभेत हमरीतुमरी होते, तोच फ्लॅट व्हॅल्युएशनच्या दिवशी प्राइम लोकेशन होतो. आजीच्या पाटल्या, एलआयसी, पीपीएफ अशी बेरीज चालते, तरी आकडा पुरत नाही. शेवटी आठवण होते ती कोकणातल्या कलमांची. कलमांना सातबारा लागतो. सातबाऱ्यावर एकवीस नावं. त्यातली नऊ माणसं वारली, चौघांचा पत्ता नाही, आणि एक काका आहेत ज्यांच्याशी तीस वर्षं बांधावरून अबोला आहे. त्या काकांना फोन जातो. "काका, कसे आहात? पाऊसपाणी काय म्हणतंय?" काका तीस वर्षं याच फोनची वाट बघत असल्याने शांतपणे विचारतात, "कुठल्या देशात चाललाय?"

असं सगळं वेळेत होतं. आपल्या हातातल्या तारखा इथे संपतात. पुढच्या सगळ्या दुसऱ्यांच्या हातात.

२०१७ सालचं उदाहरण अनेक घरांत अजून ठसठसतंय. १६० वर्षांच्या मुंबई विद्यापीठाने त्या उन्हाळ्यात घाईघाईने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या. पडदे होते, प्राध्यापक होते, उत्तरपत्रिकाही होत्या. तिन्ही एका जागी येईनात. कुलपती या नात्याने राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली. ती उलटली, ऑगस्ट गेला, सप्टेंबर उजाडला तरी काही निकाल बाकीच. ज्यांना बाहेरच्या विद्यापीठांत प्रवेश मिळाला होता त्यांच्याजवळ प्रवेशपत्र होतं, कर्ज होतं, हापिसातल्यांनी निरोपाला दिलेलं घड्याळसुद्धा होतं. नव्हता तो आपण उत्तीर्ण झाल्याचा पुरावा. ऑक्टोबरात कुलगुरू संजय देशमुखांना पदावरून दूर करण्यात आलं. रखडलेल्या निकालांमधला हा एक निकाल तेवढा लागला.

विद्यापीठाने जमवलं तर वकिलात आहेच. २७ मे २०२५ रोजी अमेरिकेने आपल्या जगभरच्या वकिलातींना विद्यार्थी व्हिसाच्या मुलाखतींच्या नव्या तारखा देणं थांबवायला सांगितलं. ऐन मोसम. तीन आठवड्यांनी दार पुन्हा उघडलं ते एका अटीसह: अर्जदाराने आपली समाजमाध्यमांवरची खाती सर्वांसाठी खुली ठेवावीत. सर्वांसाठी म्हणजे अधिकाऱ्यांसाठी, अशी मुलांची भाबडी समजूत. अमेरिकेला या मुलापासून काही धोका आहे का, याची छाननी बीकेसीतल्या वकिलातीत सुरू व्हायच्या आत डोंबिवलीतल्या मावशीने ती पूर्ण केली होती. मैत्रिणीकडे अभ्यासाला गेलेली कन्या अलिबागच्या किनाऱ्यावर सापडली. श्रावण पाळणाऱ्या घरातले चिरंजीव श्रावणातच चिकन लॉलीपॉपसह हजर होते, आणि मित्राच्या खांद्यावरचा त्यांचा हात 'कुणाच्या' खांद्यावर आहे यावर कौटुंबिक ग्रुपात रात्री एकपर्यंत चर्चा झाली. तीर्थरूप वेगळ्याच काळजीत. अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणातल्या चुका ते फेसबुकवर मराठीतून नियमित दाखवून देत आले आहेत. त्यांनी एका बैठकीत चार वर्षांच्या पोस्टी पुसल्या. खरं तर त्यांचं खातं कुणी मागितलंच नव्हतं, आणि याचं त्यांना थोडं वाईटही वाटलं.

अमेरिका बेभरवशाची म्हणून कॅनडाकडे वळावं, तर तिथे जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थी परवान्यांच्या संख्येवरच मर्यादा आली. जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी फी नाही, पण वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधीच एका खात्यात कोंडून ठेवावे लागतात आणि दर महिन्याला त्यातले ठरावीकच बाहेर येतात. ही व्यवस्था डोंबिवलीला फार आवडली. पहिल्या पगारापासून आई तेच करत आली आहे.

कल्याणकरांनी मात्र या सगळ्याकडे जरा वरून बघायला हरकत नाही, कारण त्यांच्या गावात वाढलेली यमुना, म्हणजे आनंदीबाई जोशी, १८८३ सालीच अमेरिकेत दाखल झाली. नियोजन नवऱ्याचं. गोपाळराव जोशी पोस्टात कारकून, तेव्हा नियोजन म्हणजे टपाल. १८७८ च्या सुमारास त्यांनी कोल्हापूरहून वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याला लिहिलं, की बायकोला अमेरिकेत शिकवायचं आहे, मदत कराल का. उत्तराचा रोख असा, की आधी ख्रिस्ती व्हा. सशर्त प्रवेश तेव्हाही होता. गोपाळरावांनी अट मानली नाही. वाइल्डरने हा पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला, आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी तो दातांच्या डॉक्टरकडे आपला नंबर यायची वाट बघताना वाचला. तिथून बाईंनी आनंदीबाईंशी पत्रमैत्री जोडली, आणि पुढे आपल्या घराचं दार उघडलं. कोणत्याही कन्सल्टन्सीच्या चोवीस महिन्यांच्या वेळापत्रकात 'परक्या बाईची दाढ' हा टप्पा मी पाहिलेला नाही.

तिचं स्टेटमेंट ऑफ पर्पजही ऐकण्यासारखं. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, वयाची अठरा पुरी व्हायच्या आत, तिने बंगालातल्या सेरामपूर कॉलेजात इंग्रजीतून भाषण केलं. लोक सतत विचारत ते सहा प्रश्न तिने स्वतःच मांडले आणि एकेकाचं उत्तर दिलं. अमेरिकेलाच का? इथे शिकायची सोय नाही का? एकटी का? परत आल्यावर वाळीत टाकलं तर? संकट आलं तर? आणि कुठल्याही बाईने जे केलं नाही ते तूच का? यातले पहिले दोन प्रश्न बीकेसीच्या खिडकीतून आजही विचारले जातात. उरलेले चार नातेवाईक विचारतात. भाषणात रेडिओ नव्हता, त्याचा शोधच लागायचा होता. अंगावरचं सोनं विकून प्रवासाचे पैसे उभे राहिले, फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाने तीन वर्षांसाठी ६०० डॉलरची शिष्यवृत्ती दिली, आणि मार्च १८८६ मध्ये ती डॉक्टर झाली. वर्षभरात क्षयाने गेली. तिथे हे सदर टोपी काढून गप्प राहतं. पण आज ती कल्याण स्टेशनजवळच्या एखाद्या काउन्सेलरपुढे बसली असती, तर त्याने फाइल चाळून सांगितलं असतं, "ताई, मार्कशीट नाही, इंटर्नशिप नाही. प्रोफाइल वीक आहे. आधी दोन तलाव करून या."

आमच्या चिरंजीवांचं प्रोफाइल मात्र भक्कम निघालं आणि ते एकदाचे उडाले. तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा, त्यातली एक जवळजवळ मेतकुटाची. विमानतळावरून परतताना टेम्पो ट्रॅव्हलर ऐरोलीला पोचायच्या आत तीर्थरूपांनी पुढची फाइल उघडली होती. दोन वर्षांनी पदवीदान. पर्यटक व्हिसाच्या मुलाखतीसाठी मुंबईत कधी कधी वर्षापलीकडची तारीख मिळते, तेव्हा उशीर आताच झालेला आहे. 'तुम्ही भारतात परत कशावरून याल?' हा प्रश्न मातोश्रींना घोकायला दिला. त्यांनी घोकण्याआधीच उत्तर दिलं, "म्हणजे? गणपतीचं कोण बघणार?" तीर्थरूपांच्या मते उत्तर चोख आहे, पण सोबत कागद हवा. म्हणून त्यांनी सीएला मेसेज टाकला आणि पुन्हा काकांना फोन लावला.

काकांनी या वेळी पाऊसपाण्याचं विचारू दिलंच नाही. म्हणाले, "दोघंच जाताय, की माझंही नाव घालता? सातबाऱ्यावर आहे ते."